वरच्या फळीवरचा डबा

माझ्या आईनं आपल्या हातानं आपला मुलगा घालवला, असं कल्याणात आमच्या आळीतल्या बायका पुष्कळ वर्षं म्हणत होत्या. तोंडावर कुणी म्हणत नसे. विहिरीवर ती आली की बोलणं थांबायचं, ती घागर घेऊन वळली की पुन्हा सुरू व्हायचं. त्या बायका आता गेल्या. माझेही दात पडले. तेव्हा जे झालं ते मी लिहून ठेवते आहे, कुणाला राग आला तर येऊ दे. मी तशी फटकळच. सासरी मला माझ्यामागे कात्री म्हणत, आणि ते मला ठाऊक होतं.

आम्ही शेणाळ्या तळ्याच्या अंगाला राहत होतो. घरात चार माणसं: आई, बाबा, माझा थोरला भाऊ आणि मी. बाबा मामलेदार कचेरीत कारकून होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढे वाचताना तुम्हाला तसं वाटणार नाही. सोवळ्याला मात्र फार कडक. कचेरीतून आले की पागोट्यासकट सगळे कपडे ओटीवरच्या खुंटीला जायचे आणि अंघोळ झाल्याशिवाय ते माजघराचा उंबरा ओलांडायचे नाहीत. दादा आईबापांना दोन मुलं गेल्यानंतर झालेला. त्याला शिंक आली तरी आई काम टाकून उठायची. त्याची मुंज झाली होती, शेंडी होती, आणि त्याला गप्प बसणं म्हणून माहीत नव्हतं.

त्या वर्षी शाळेत पुण्याहून एक नवे मास्तर आले. त्यांचं म्हणणं असं की, भूगोल पुस्तकातून कळत नाही. नकाशात नदी निळी असते म्हणून पोरं खाडीचं गढूळ पाणी बघून ही नदी नव्हे म्हणतात, असं ते सांगत आणि स्वतःच हसत. थंडी पडल्यावर वरच्या वर्गातल्या थोड्या मुलांना घेऊन मलंगगडाच्या पायथ्याशी चालत जायचं, तिथल्या खेड्यात मारुतीच्या देवळात एक रात्र राहायचं, झाडं, दगड, ओढे बघायचे, अंधार पडल्यावर नक्षत्रं ओळखायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, असं त्यांनी ठरवलं. हल्ली याला सहल म्हणतात. तेव्हा असल्या जाण्याला आमच्यात शब्दही नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय बाई एकेक, घरदार असून पोरांना वनवास."

आळीत एकच विषय झाला. कुणाच्या विहिरीचं पाणी पिणार, कुणाच्या पंगतीला बसणार, देवळात कोण कोण येऊन झोपतं. बाबांनी ऐकलं आणि नाही म्हणून सांगितलं. दादा दोन वेळा जेवला नाही. बाबांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. कचेरीत त्याहून मोठी माणसं उपाशी बसलेली त्यांनी पाहिली होती.

मन वळवलं ते आईनं. एका दुपारी मी माजघरात वाती वळत बसले होते आणि ती बाबांना सुपारी देताना बोलली ते मी ऐकलं. "लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा गाडीला पडदा होता," ती म्हणाली. "तेव्हापासून मागच्या अंगणातून मी तो मलंगगड बघते. रोज धुणं वाळत घालताना बघते. त्याच्या पायथ्याशी काय आहे ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारू? तो बघून येईल आणि मला सांगेल. तेवढंच." बाबांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, जाऊ दे, पण माझ्या अटीवर. खाणं सगळं घरचं. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, आपल्याला लावू द्यायचा नाही. सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून जेवायचं आणि पाणी स्वतः शेंदायचं. दादानं सगळ्याला मान डोलावली. त्या वेळी त्याला पाताळात जायची अट घातली असती तरी तो हो म्हणाला असता.

मग जी तयारी सुरू झाली ती विचारू नका. मास्तरांनी सांगितलं होतं की सामान आपलं आपण उचलायचं, म्हणून दादा घोंगडीच्या वळकटीत पाटा-वरवंट्यातला वरवंटा बांधून तळ्याला प्रदक्षिणा घालायचा. वरवंटा नाहीसा झाला म्हणून आईनं घर धुंडाळलं तेव्हा हे उघडकीला आलं. रात्री उघड्यावर झोपायची सवय हवी म्हणून तो ओटीवर झोपायला लागला आणि पहाटे कुडकुडत आत येऊन माझं पांघरूण ओढून घ्यायचा. आईनं जुन्या खणांची एक पिशवी शिवली, तिला आतून दोन कप्पे केले, एक कोरड्या कपड्यांना आणि एक ओल्याला. तांब्याच्या गळ्याला शेंदायची दोरी बांधली. पंचा, मुकटा, एक जास्तीचं धोतर, चाकू, सुतळी. रोज संध्याकाळी दादा सगळं बाहेर काढायचा आणि पुन्हा भरायचा. मी मत्सरानं जळत होते. मी विचारलं, मुलींना कधी नेणार? तर म्हणाला, तुला तुझा नवरा नेईल, मी चिठ्ठी देईन.

आई त्याला एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगायची. "पानात टाकू नकोस. रानात भूक लागली तर तिथं मी नाही वाढायला." तिनं बेत ठरवून ठेवला होता. दशम्या, कारण त्या दुधात भिजवलेल्या, प्रवासाला चालतात. लसणाशिवायची कोरडी चटणी. आणि दही, कारण दही नसेल तर दादाला दशमी घशाखाली उतरत नसे. दही दोन दिवस पंच्यात टांगून घट्ट केलेलं, म्हणजे सांडायचं नाही.

आता डब्यांचं सांगते. आईच्या रुखवतात दोन पितळी डबे आले होते, कडीचे, घट्ट झाकणाचे, एकाच कासारानं केलेले. बाहेरून कुणालाही फरक कळला नसता. खालच्या फळीवरचा डबा दह्याताकाचा. दिवाळीच्या आधी कल्हईवाला आला की आई तो आठवणीनं द्यायची. वरच्या फळीवरच्या डब्यात मेतकूट नाहीतर भाजणी असायची. कोरड्याला कल्हई कशाला, म्हणून तो कितीतरी वर्षांत दिला नव्हता; आत नुसतं उघडं पितळ. आता स्टीलच्या दिवसांत हे सांगावं लागतं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं तर ते कळकतं, हिरवं पडतं आणि पोटात गेलं की विष होतं. आमच्या वेळी हे सात वर्षांच्या मुलीला ठाऊक असायचं. पुरुषांना असायचंच असं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आईनं खालचा डबा काढला, उकळत्या पाण्यानं धुवावा म्हणून हातात घेतला, आणि तशीच थांबली. मग डबा चुलीजवळ ठेवला आणि काही न बोलता मागच्या पडवीत जाऊन कोपऱ्यात बसली. तिला कावळा शिवला होता. बायकांना महिन्याचे ते तीन दिवस कुणाला शिवता येत नसे, चौथ्या दिवशी न्हायल्यावरच घरात यायचं. दुष्काळात तेरावा महिना. घरात दुसरं बाईमाणूस नाही, मी नऊ वर्षांची. अशा वेळी आमच्याकडे बाबाच स्वयंपाक करत. पिठलं आणि भात, तीन दिवस. त्या दिवशी त्यांना दशम्या करायच्या होत्या आणि पोराचं सामान भरायचं होतं.

ते कचेरीतून लवकर आले. अंघोळ करून मुकटा नेसले आणि चुलीपाशी बसले. सोवळ्यात असताना त्यांना कुणी शिवायचं नाही, आणि बाजूला बसलेल्या बाईनं तर बोलायचंही नाही. तेव्हा मी मधली. पडवीच्या दाराशी उभी राहायची, आईचं ऐकायचं, माजघराच्या उंबऱ्याशी जायचं आणि बाबांना सांगायचं. दशम्या गाडीच्या चाकासारख्या जाड झाल्या, पण झाल्या.

आई म्हणाली, "त्यांना सांग, दही खालच्या फळीवरच्या डब्यात घाला. वरच्याला कल्हई नाही."

मी जाऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "खालच्या डब्याला ती शिवली आहे सकाळी."

मी परत आले. आई म्हणाली, "मग चिंचेनं घासून, धुऊन घ्या म्हणावं. नाहीतर दही नकोच. चटणी पुरे."

बाबा म्हणाले, "पोर दोन दिवस कोरडी दशमी गिळेल का? वरचा डबा शुद्ध आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. दोन्ही एकाच कासाराचे आहेत. तिला म्हणावं, मला एवढं कळतं."

हे सगळं मी शब्दाला शब्द सांगते आहे. त्यांनी वरचा डबा काढला, मेतकूट कागदावर ओतलं, डबा स्वच्छ पुसला आणि दही घातलं. मग गूळ बारीक चिरून त्यात कालवला. पोराला गोड आवडतं हे त्यांच्या लक्षात होतं. वेलदोडाही घातला, स्वतःच्या बोटांनी सोलून. जन्मात त्यांनी दादाचं इतकं कौतुक केलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी पडवीत जाऊन आईला सांगितलं. आई एकदम तिथूनच बोलली, मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं. "अहो, कळकेल ते."

आत पळी आपटल्याचा आवाज आला. बाबा उठले, विहिरीवर गेले आणि पौषातल्या थंडीत संध्याकाळी पुन्हा अंघोळ केली, कारण तिचा आवाज सोवळ्यात कानावर पडला होता. दात वाजत असताना परत येऊन त्यांनी डब्याचं झाकण लावलं, कडी बसवली आणि डबा पिशवीत ठेवला.

पहाटे दादा निघाला. आळीत मुलांची हाक ऐकू येत होती. त्यानं बाबांना नमस्कार केला, मग पडवीच्या दाराशी येऊन लांबूनच जमिनीला डोकं टेकलं. आई कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती. ती म्हणाली, "दही दुपारीच संपव. रात्रीला ठेवू नकोस. वेगळं लागलं तर टाकून दे."

बाबा मागे उभे होते. "अन्न टाकायला शिकवतेस?" एवढंच म्हणाले.

दादा दोघांच्या मध्ये उभा. त्यानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाला, "बाबांनी गूळ घातलाय, कोण टाकतंय?" मग पिशवी खांद्याला अडकवली आणि गेला. वळकटीत या वेळी वरवंटा नव्हता, तरी तो तसाच एका अंगाला कलून चालत होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा दारात बैलगाडी थांबली. मुलं चालत यायची होती, संध्याकाळी. गाडीत गवतावर दादा होता आणि शेजारी मास्तर त्याचं डोकं धरून बसले होते. त्यांचं उपरणं घाण झालेलं. मास्तरांनी ओटीवर उभ्यानं सांगितलं ते असं: दुपारी सगळ्यांनी आपापले डबे सोडले. यानं दही थोडंच खाल्लं आणि झाकून ठेवलं. म्हणाला, वडिलांनी गोड केलंय, रात्री नक्षत्रं बघताना खाईन. रात्री खाल्लं. जरा कडवट लागतंय म्हणाला, पण घरी कबूल केलंय म्हणून सगळं संपवलं. मग पोटात मुरडा, ओकाऱ्या, जुलाब. हिरवं ओकत होता. खेड्यातल्या लोकांना वाटलं पटकी, म्हणजे कॉलरा, आली. त्यांनी देवळाकडे कुणाला फिरकू दिलं नाही. त्या काळी पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचं नाही असा समज होता, तेव्हा रात्रभर हा पाणी मागत होता आणि सगळे याच्या भल्यासाठी नाही म्हणत होते. मास्तरसुद्धा.

"बाकीची मुलं?" बाबांनी विचारलं.

"एकालाही काही नाही," मास्तर म्हणाले. "ज्याचं त्यानं खाल्लं."

दादाला माजघरात निजवला. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, एका रात्रीत पोर म्हाताऱ्यासारखं दिसत होतं. बाबा वैद्याला आणायला निघाले. आईचा तो तिसरा दिवस. ती पडवीच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या पलीकडे, आणि चौकट धरून होती. तिनं मला हाक मारली. म्हणाली, "पिशवीतला डबा आण. मला दाखव."

मी डबा नेला, झाकण काढलं आणि तिच्यासमोर वाकडा केला. तळाशी, कडेच्या खोबणीत, हिरवट निळी साय धरली होती. आई म्हणाली, "कळकलं." अगदी हळू म्हणाली. दूध नासलं तर ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात.

मग तिनं उंबरा ओलांडला. बाबा ओटीवर जोडा घालत होते ते धावत आले. "शिवू नकोस त्याला," म्हणाले. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. आई खाली बसली, दादाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "पाणी आण." बाबा नको नको म्हणत असताना मी आणलं. मी तेव्हाही कुणाचं फार ऐकत नसे. तिनं पाणी पाजलं, दूध पाजलं, तूप चाटवलं. थोडं राहायचं, बाकीचं बाहेर पडायचं. वैद्य आले, नाडी धरली आणि बाबांकडे न बघता उठले.

दुपार कलल्यावर दादाला जरा शुद्ध आली. आईकडे बघून म्हणाला, "आई, पायथ्याशी काही नाही गं. भाताची खाचरं आहेत नुसती. कापलेली." मग म्हणाला, "जवळ गेलं की डोंगर दिसतच नाही सगळा."

"असू दे," आई म्हणाली. "मला कळलं."

दिवेलागणीला तो गेला.

सुतकाचे दिवस संपायच्या आत आळीत निकाल लागला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिसऱ्या दिवशी पोराला शिवली, विटाळ अंगावर घातला, देव कसा राहील? काकूंनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं. वैद्य आणत होते, पोर बोलतसुद्धा होतं, हिनं हात लावला आणि गेलं. चोर सोडून संन्याशाला सूळ, ते हे. ओटीवर समाचाराला आलेल्या पुरुषांत कुणीतरी हे बाबांच्या समोर बोललं. मी दाराआड होते. मला वाटलं, आता बाबा सांगतील. बाबांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. खाली मान घालून ऐकत राहिले.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "डबा हिरवा झाला होता. आईनं सांगितलं होतं." बाबांनी उठून माझ्या थोबाडीत मारली. त्यांनी मला मारलेलं ते पहिलं आणि शेवटचं. आलेले लोक म्हणाले, पोर बावरली आहे. कान दोन दिवस वाजत होता, पण मला दुखलं ते त्याचं नाही. आतून आई आली, माझा हात धरून मला आत नेलं आणि म्हणाली, "पुन्हा बोलू नकोस. त्यांना जगायचंय अजून." तिचा मला त्या क्षणी बाबांपेक्षा जास्त राग आला. अजूनही येतो.

मास्तरांची बदली झाली, म्हणजे पालकांनी करवून घेतली. पुढे कितीतरी वर्षं त्या शाळेतलं पोर तळ्यापलीकडे गेलं नाही. आईला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. कुणाच्या घरी मुंज असली, बारसं असलं, की हिला सोडून पुढच्या दारी जायचं. नवरा जिवंत असलेली बाई, कपाळभर कुंकू, आणि तिची ओटी कुणी भरेना. ती एका शब्दानं बोलली नाही. तो डबा मात्र तिनं चिंच आणि राख लावून घासला आणि वरच्या फळीवर, होता तिथंच ठेवला. त्यात पुन्हा काही भरलं नाही. कल्हईवाला आला की खालचा डबा द्यायची, वरचा नाही. बाबा पाटावर जेवायला बसले की तो डबा त्यांच्या बरोबर समोर येई. कधीतरी ते पाट फिरवून बसतील असं मला वाटायचं. त्यांनी फिरवला नाही, आणि तिनं डबा हलवला नाही. असा त्यांचा संसार.

माझं लग्न पुढल्याच वर्षी झालं आणि मी ठाण्यात आले. माझा मुलगा दादाच्या वयाचा झाला तेव्हा बाबा पेन्शनीत निघाले होते आणि ती दोघं आमच्याकडे राहायला आलेली. सासूबाई वारल्या होत्या, माझे यजमान नोकरीमुळे फिरतीवर. आणि एक दिवस मुलगा शाळेतून नाचत आला. मास्तर वर्गाला घोडबंदरला नेणार, खाडीकाठी, किल्ल्यापाशी एक रात्र मुक्काम. डबा घरचा.

मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "कधी निघायचंय?" आणि पुन्हा निवडायला लागली. ज्याचं जळतं त्याला कळतं. मला तिच्याकडे बघवेना. मी मुलाला नाही म्हणणार होते. तीच म्हणाली, "जाऊ दे. त्यानं बघावं."

आता कुणाला हे खोटं वाटेल, पण निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच मला कावळा शिवला. मी मागच्या पडवीत जाऊन बसले. आई होती घरात, तेव्हा तसा प्रश्न नव्हता. संध्याकाळी तिनं दशम्या केल्या, पातळ, पापुद्रा सुटलेल्या. चटणी कुटली. कल्याणहून येताना तिनं खालच्या फळीवरचा डबा आपल्या बोचक्यात आणला होता, तो काढला. डोळ्यांनी तिला नीट दिसत नसे, म्हणून अंगठा आतून सगळीकडे फिरवून कल्हई तपासली. एकदा तपासली, पुसली, पुन्हा तपासली. दही घ्यायला पळी उचलली आणि तिचा हात थांबला. तिच्यानं पळी डब्यात घालवेना. डबा मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. बाबा माजघरात झोपाळ्यावर होते. झोपाळा कुरकुरायचा थांबला.

आई उठली. डबा, दही, दशम्या, पिशवी, सगळं आणून तिनं पडवीत माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "माझ्याच्यानं होत नाही. तू भर. तुझं पोर आहे."

बाबा झोपाळ्यावरून म्हणाले, "अगं, ती बाजूला बसली आहे."

आई त्यांच्याकडे वळली. इतक्या वर्षांत ती हे बोललेली मी ऐकलं नव्हतं, आणि तेही तिनं चढ्या आवाजात म्हटलं नाही. "मागच्या खेपेला शुद्ध हातांनीच भरला होता," ती म्हणाली.

मी बाबांकडेच बघत होते, मुद्दाम बघत होते, त्यांनी नजर चुकवू नये म्हणून. त्यांचा चेहरा पडला, हात झोपाळ्याच्या कडीवर होता तो सुटला. मग ते मला म्हणाले, "भर."

एवढा एक शब्द निघायला त्यांना इतकी वर्षं लागली. मी त्यांना क्षमा केली असं कुणी समजू नये. आईला विहिरीवर ज्या बायकांनी वाळीत टाकलं त्यांना हे ऐकू गेलं नाही, काकू तर तोवर वारल्या होत्या. मी दही भरलं, गूळ घातला, झाकण लावलं, कडी बसवली. बाजूला बसलेल्या बाईच्या हातचं ते अन्न घेऊन माझा मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे गेला.

ते दोन दिवस आई ओटीवर बसून होती. जेवायलासुद्धा तिनं पान ओटीवर घेतलं. बाबा आतबाहेर करत होते आणि कुणी काही विचारलं की भलतंच उत्तर देत होते. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर रस्त्यावर पोरांचा गलका ऐकू आला. मुलगा आला, उन्हानं काळा झालेला, पायाला काटा लागलेला, आणि दारातूनच किल्ल्याचं सांगायला लागला. तोफेच्या भोकातून खाडी दिसते, पाणी खारट असतं, एका मुलानं खेकडा धरला.

बाबा पुढे झाले. "डबा सगळा खाल्लास?" त्यांनी विचारलं.

"हो, दुपारीच."

"नसतं आवडलं तर टाकायचं होतंस," बाबा म्हणाले. "अन्न टाकलं तर काही होत नाही." मग ते भिंतीकडे तोंड करून खोकत उभे राहिले, बराच वेळ.

मुलाला असल्या गोष्टींचं भान नव्हतं. तो धावत पडवीत आला आणि रिकामा डबा सरळ माझ्या हातात दिला. मी झाकण काढून आत पाहिलं. कल्हई पांढरी स्वच्छ होती. डबा खाली ठेवावा, मग आई उचलून नेईल, म्हणून मी वाकले. पण आई तोवर दारात आली होती. तिनं खाली ठेवू दिला नाही. माझ्या हातातून घेतला, आणि घेताना माझी बोटं आपल्या हातात धरली, सोडली नाहीत. माझा तिसराच दिवस होता.